घरी असला तर

१

ऑफिसात त्याला सगळे 'बहुधा' म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव चांगलं होतं, पण ते वापरायची वेळ फक्त बँकेत यायची. हा माणूस कधी सरळ हो म्हणाला नाही की सरळ नाही म्हणाला नाही. जेवलास का? बहुधा. बरं वाटतंय का? बहुधा. लग्नाचं विचारलं तेव्हाही हा बहुधाच म्हणाला होता म्हणे, आणि मुलीकडच्यांनी तो होकार धरला. उतावळी माणसं काहीही धरतात.

यात त्याची एकट्याची चूक नव्हती. धंदाच तसा. तो संशोधक होता, आणि त्याच्या संस्थेत यंत्रांना अंदाज बांधायला शिकवत. कुणी बेझ नावाचा पाद्री होऊन गेला, त्याचं गणित. देवाच्या माणसानं शंकेचं गणित मांडलं, तेव्हाच लोकांनी सावध व्हायला हवं होतं. गणित तसं सोपं. आधी यंत्राच्या डोक्यात एक समजूत घालायची. मग पुरावा दाखवायचा. पुरावा येईल तसं यंत्र आपली समजूत इकडची तिकडे सरकवतं. आपण नातेवाइकांबद्दल करतो तेच. फरक एवढाच, की आपली सरकत नाही.

सध्याचं काम होतं एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी. प्रत्येक खोलीच्या भिंतीवर डबीच्या झाकणाएवढी एक पांढरी चकती चिकटवायची. चकतीला डोळा नाही, फक्त कान. पावलं, खोकला, नळ, खुर्चीची कुरकुर ऐकून यंत्र पडद्यावर दाखवणार, की स्वयंपाकघरात अमुक आहे, आतल्या खोलीत तमुक आहे, बाहेरची खोली रिकामी. दूर राहणाऱ्या मुलांनी तेवढं बघितलं की आई अजून आहे हे कळलं. फोन करायची कटकट वाचली.

असली वस्तू आधी आपल्याच घरी लावून बघायची, हा त्यांच्याकडचा रिवाज. बहुधाच्या घरी माणसं तीन. एक तो. दुसरी त्याची आई, दोन्ही कानांनी अधू, कानात मशीन. ते मशीन तिच्या सोयीनं बंद पडायचं. तिसरी बायको. ती दवाखान्यात लोकांचे कान तपासायची. गाद्या लावलेल्या खोक्यात माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि ऐकू आलं की बटण दाबा म्हणायचं. तिचा स्वतःचा कान असा, की जिन्यात कोण आहे हे ती दार उघडण्याआधी सांगे. नवरा तर तिला फाटकापासून ओळखू यायचा, कारण तो चपला घासत चालायचा.

सासूसुनांचं कशावर पटत नाही म्हणतात. या दोघींचं एका गोष्टीवर पक्कं पटायचं. हा घरी नसतो.

२

घरी नसतो म्हणजे बाहेर असतो, असं नव्हे. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी त्याची खुर्ची होती, आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन तो तिथे असायचाच. पण हाक मारली तर ती त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत शिळी व्हायची. आतल्या खोलीच्या दाराची बिजागरी कधीपासून रडत होती. आईला वाकता येत नव्हतं आणि तिच्या पायाची नखं मोज्यांत अडकायला लागली होती. बायको पूर्वी यावरून भांडायची. हल्ली भांडत नव्हती, आणि हे चांगलं लक्षण आहे असं जगात एकट्या बहुधालाच वाटत होतं.

एका रविवारी तिनं भांडी पुसतापुसता सांगून टाकलं. दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात तिला वरची जागा मिळत होती. उन्हाळ्यापर्यंत वाट बघते, म्हणाली, नाहीतर मी जाते, आणि आईंनाही नेते. आता सून घर सोडून जाते हे ऐकलंय. सून सासूला घेऊन जाते, हे कुणी ऐकलं होतं? आईनं मान डोलावली. मशीन त्या वेळी बरोबर चालू होतं.

यावर बहुधानं काय म्हणावं? तो म्हणाला, तेवढी चकत्यांची माहिती आधी भरून घेऊ का.

यंत्राला पहिली समजूत द्यायची ती घरातल्या जाणत्या माणसाला विचारून, आणि जाणता सांगेल त्यातलं अक्षरही बदलायचं नाही, असा त्याचा सिद्धांत होता. त्यावर त्यानं लांबलचक लेख लिहिला होता. तो ज्यांनी वाचला ते अजून जांभया देतायत. त्याच्या वरच्या मॅडमचा मात्र एकच नियम असायचा. काहीही भर, पण कुणाला शून्य देऊ नकोस. थोडीशी तरी फट ठेव. एकदा शून्य दिलं, की तो माणूस दारात उभा राहून घसा फोडून ओरडला तरी यंत्र म्हणणार, दुसरंच कुणीतरी ओरडतंय.

तर त्यानं बायकोला विचारलं, आई घरी असते असं कितपत धरू? कायम, ती म्हणाली. आणि तू? दवाखाना सुटल्यावर धर. घरचा नाही असा कुणी आला, पाहुणा, मिस्त्री, तर त्याच्यासाठी 'इतर' म्हणून एक जागा असते. ती म्हणाली, ठेव चिमूटभर.

"आणि मी?"

"तू? शून्य."

"चेष्टा नको. कामाचं आहे हे."

"मीही कामाचंच बोलतेय. लिही शून्य."

त्याला ते झोंबलं. झोंबलं तर माणूस भांडतो, रडतो, निदान ताट आपटतो. यानं शून्य लिहिलं. उद्या बदलू, असं मनाशी म्हणाला. उद्यावर टाकलेल्या त्याच्या गोष्टी एकावर एक रचल्या असत्या तर छताला लागल्या असत्या.

पुढचा प्रश्न असा, की अमुक माणूस घरी असला तर कसले आवाज होतात. इथे बायको फडकं बाजूला ठेवून सरसावून बसली. घरी असला तर, ती म्हणाली, चपला घासत नाही, पावलं उचलून टाकतो. घरी असला तर बिजागरीत तेल घालतो. आईंची नखं कापतो. कप विसळून उपडे घालतो. आणि हाक मारली की पहिल्या हाकेला हो म्हणतो. हो. दुसरं काही नाही.

"शीळ घालतो," कोपऱ्यातून आई म्हणाली. "लहानपणी घालायचा."

त्यानं ते सगळं जसंच्या तसं उतरवून घेतलं. आपल्या नावापुढे, म्हणजे यंत्रात जिथे त्यानं 'मी' असं लिहिलं होतं, तिथे. थोडा सिद्धांत म्हणून, बराचसा सूड म्हणून.

३

पहिल्यांदा नखं.

तो ऑफिसातून आला तेव्हा आई स्टुलावर पाय पसरून बसली होती आणि लहान मुलीसारखी बोटं हलवून बघत होती. नखं स्वच्छ कापलेली, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. बायको म्हणाली, छान कापलीस, एकही बोट दुखलं नाही म्हणतायत. मी यायच्या आत येऊन गेलास होय?

तो दिवसभर ऑफिसातून हलला नव्हता. त्याचं डोकं भराभर कारणं काढू लागलं; त्याचाच तो पगार घ्यायचा. आई थट्टा करतेय. बायकोनंच कापलीयत आणि टोमणा मारतेय. शेजारीण येऊन गेली असेल. पण बायको त्याच्याकडे बघून हसत होती, आणि तसं हसू त्याच्या वाट्याला बऱ्याच काळात आलं नव्हतं. रस्त्यात सापडलेली नोट आणि दुसऱ्याच्या नावाचं हसू, दोन्ही परत करायला फार मोठं मन लागतं.

"बहुधा," तो म्हणाला.

एक 'नाही' म्हणायचं होतं. तेवढ्यावर सगळं थांबलं असतं.

मग बिजागरी. आवाज झाला असता तर त्याचं लक्ष गेलं नसतं. आवाज झाला नाही म्हणून गेलं. आतल्या खोलीचं दार उघडलं आणि मिटलं, आणि घरात नुसती शांतता. चौकटीखाली फरशीवर तेलाचा एक थेंब होता. सकाळी कप उपडे घातलेले दिसायचे, कान सगळे एकाच दिशेला. आई दुपारी कुणाशी तरी बोलल्यासारखी ताजीतवानी असायची. काय ग म्हणून विचारलं तर म्हणायची, आत्ताच तर सांगितलं तुला.

त्यानं चौकशी केली का? नाही केली. घर सुधारत होतं. बायको एके दिवशी भाजी निवडताना म्हणाली, परवा तू बाबांबद्दल जे बोललास ना, ते कुणीच कधी बोललं नव्हतं माझ्याशी. बाबा म्हणजे तिचे वडील. ते गेले तेव्हा हा परिषदेला गेला होता. आपण काय बोललो हे विचारायला त्याचे ओठ हलले. ती पुढे म्हणाली, दवाखान्यातल्या त्या वरच्या जागेला मी नकार कळवून टाकला.

ओठ मिटले.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. फक्त बीळ कुणाचं आणि नागोबा कोण, हे त्यानं नीट बघून घ्यायला हवं होतं.

"आणि हल्ली तू चपला घासत नाहीस," ती म्हणाली. "मला फाटकापासून कळायचं. आता एकदम घरातच असतोस."

त्यानं खाली बघितलं. त्याच्या चपलांच्या टाचा घासून घासून तिरप्या झाल्या होत्या, आणि त्या टाचांखाली आजच्या रस्त्याची माती होती.

४

पुन्हा रविवार. लख्ख ऊन होतं. अशा उन्हात भुताखेतांनाही आळस येतो. बायको स्वयंपाकघरात, आई समोरच्या खुर्चीत डुलक्या घेत होती. बहुधा खिडकीपाशी बसला होता. सोमवारी मॅडमना काहीतरी दाखवायला लागणार म्हणून त्यानं चकत्यांचा पडदा बऱ्याच दिवसांनी उघडला.

स्वयंपाकघर: बायको.

बाहेरची खोली: आई, इतर.

त्यानं मान वर करून खोलीभर बघितलं. खोलीत आई होती, तो होता, आणि खिडकीचे कापडी पडदे तर चौकटीपाशीच संपत होते. त्यांच्यामागे मांजरसुद्धा लपलं नसतं. तो खोकला. 'इतर'ची रेघ टणकन वर गेली. त्यानं जागच्या जागी चपला घासल्या. आणखी वर.

मग त्याला आठवलं. शून्य! यंत्राला तो घरी असू शकतो हेच मान्य नव्हतं, म्हणून त्याचा प्रत्येक आवाज ते तिऱ्हाइताच्या खात्यात टाकत होतं. इतर म्हणजे मीच की. त्याला असं हसू आलं, की आईनं एक डोळा उघडला. त्यानं मॅडमना फोन लावला. त्या पोट धरून हसल्या, त्याला गाढव म्हणाल्या, म्हणाल्या, बायकोनं बरोबर ओळखलंय तुला, आता मुकाट्यानं ते शून्य काढ.

फोन कानाला असतानाच पडद्यावर आणखी एक ओळ आली.

आतली खोली: इतर.

"हॅलो?" मॅडम म्हणाल्या. "आहेस ना?"

त्यानं फोन ठेवला. शेजारच्यांचा नळ असेल. भिंत पातळ आहे. चकती बिघडली असेल. अशी एकेक समजूत धरत धरत तो बोळातून आतल्या खोलीपर्यंत गेला आणि दार ढकललं. दार लोण्यासारखं उघडलं. इस्त्रीचं टेबल, घडी घातलेली चादर, त्याची जुनी पुस्तकं, भिंतीवर चकती. कुणी नाही. टेबलावर नेलकटर होतं, त्याची दांडी वर उभी केलेली, कापायच्या तयारीत. त्यानं दांडी फिरवून मिटवली, नेलकटर जागेवर ठेवलं, दार ओढून घेतलं आणि परत येऊन खुर्चीत बसला.

आतल्या खोलीतून आवाज आला. कट.

थोडं थांबून, पुन्हा. कट.

साधा माणूस घाबरला की पळतो. शिकलेला घाबरला की आकडे बदलतो. बहुधानं मांडीवरच्या लॅपटॉपवर स्वतःच्या नावापुढचं शून्य खोडलं आणि तिथे भरघोस भर घातली. आणि 'इतर'पुढे, जिथे बायकोनं चिमूटभर ठेवायला सांगितलं होतं, तिथे शून्य घातलं. या घरात परकं कुणी असूच शकत नाही. झालं. मांजर डोळे मिटून दूध पितं ते याहून वेगळं काय करतं?

मॅडमचा नियम त्याला आठवला नाही असं नाही. आठवला. पण बटण दाबून झालं होतं.

५

यंत्रानं सगळा हिशेब पुन्हा मांडायला घेतला. पडद्यावर एक गोल फिरत राहिला. घासणाऱ्या चपला आणि खिडकीपाशीचा खोकला ते इतके दिवस 'इतर' म्हणून ओळखायला शिकलं होतं, आणि 'इतर' आता कुणीच नव्हतं. 'मी' म्हणून ओळखायला त्याच्याजवळ होतं ते फक्त बायकोनं सांगितलेलं.

गोल थांबला.

स्वयंपाकघर: बायको.

बाहेरची खोली: आई.

आतली खोली: मी.

बहुधा खोकला. पडदा हलला नाही. त्यानं चपला घासल्या, एकदा, दोनदा, मग लहान मूल हट्ट करतं तसा दोन्ही पायांनी. बाहेरची खोली: आई. तो म्हणाला, "आई." जरा मोठ्यानं म्हणाला, "आई, अगं."

आई दचकून जागी झाली. तिनं कानाला हात लावला, मशीन जरा फिरवलं, आणि तोंड वाकडं केलं. स्वयंपाकघराकडे वळून सुनेला म्हणाली, "अगं, यात परत खरखर येतेय बघ. कुणी चपला घासल्यासारखी."

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. त्याच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर उभी राहिली. मान तिरपी केली, डोळे अर्धे मिटले. दवाखान्यात, खोक्याच्या काचेबाहेर उभी राहून ती अशीच ऐकत असणार. बहुधानं श्वास धरला आणि मग एक चप्पल फरशीवर हळूच ओढली.

तिची पापणी हलली.

तिनं ऐकलं होतं. जी पावलं तिला फाटकापासून कळायची, ती हातभरावरून कशी चुकतील? तिनं खुर्चीकडे बघितलं, त्याच्याकडे नव्हे, खुर्चीकडे, आणि अगदी हळू, आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं:

"आहेस का तू?"

असा प्रश्न तिनं त्याला लग्नापासून किती वेळा विचारला असेल, भाजीवरून, तापावरून, बाबांवरून. उत्तर एका अक्षराचं होतं. शेंबडं पोरही देईल असं. बहुधानं तोंड उघडलं. सगळा जीव गोळा करून त्याच्या जिभेवर आला, आणि जीभ आपल्या रोजच्या वाटेनं गेली.

"ब..."

"हो," आतल्या खोलीतून आवाज आला. स्वच्छ, आनंदी, त्याच्याच गळ्यातला. "हो, आलोच."

पाठोपाठ शीळ. आईचा चेहरा उजळला. लहानपणीची होती ती.

बायको आणखी क्षणभर उभी राहिली. दोन्ही बाजूंनी ऐकत राहिली. तिला घाई नव्हती. तिचा कान उभ्या आयुष्यात चुकला नव्हता, आणि आताही चुकत नव्हता. ती फक्त ठरवत होती. मग तिनं सासूच्या खांद्यावर हात ठेवला.

"काढून ठेवा मशीन थोडा वेळ, आई. थांबेल आपोआप."

आईनं कानातलं मशीन काढलं, त्याच्या डबीत ठेवलं, आणि डबीचं झाकण टिचकी वाजवून मिटलं. आतल्या खोलीचं दार आवाज न करता उघडलं. चौकटीशी एक हात दिसला, बाही कोपरापर्यंत दुमडलेली, आणि बोटांत विसळलेल्या कपांचे कान अडकवलेले. बायकोनं वळून त्या हाताकडे बघितलं आणि हसली. पूर्वी कधीतरी, अगदी सुरुवातीला, तो लग्नाला बहुधा म्हणाला होता तेव्हा ती अशी हसली होती.

मांडीवरचा पडदा आपोआप बदलला.

बाहेरची खोली: आई, बायको, मी.

बोळातून पावलं खिडकीपाशीच्या खुर्चीकडे येऊ लागली. एकेक पाऊल उचलून टाकलेलं. एकही घासलं नाही.